वजाची रेघ

पाचवीपर्यंत ही आडवी रेघ दोन आकड्यांच्या मधे असते आणि तिचं सांगणं साधं असतं: यातून ते काढून घ्या. सहावी-सातवीत ती अचानक एकट्या आकड्याच्या पुढ्यात येऊन बसते, −३. एकच खूण, पण कधी कृती सांगते, कधी स्वभाव. मोठ्यांच्या नजरेला हा फरक जाणवेनासा झालेला असतो. मूल नेमकं तिथेच अडखळतं.

त्यातच कानावर पडतं, ‘वजा वजा अधिक’. मग −२ − ३ या उदाहरणापुढे उत्तर उमटतं: +५. नियम त्याने पाळलेला असतो. तो गुणाकाराचा आहे, बेरजेचा नाही, एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं. दोन रुपयांच्या उधारीवर आणखी तिनाची उधारी झाली, तर वाण्याच्या वहीत पाचांची बाकी निघते. खिशात पाच रुपये येत नाहीत.

उधारीचा हा दाखला फार जुना. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. मराठी शाळेतल्या फळ्यावर आजही हेच दोन शब्द लिहिले जातात.

खुणा मात्र बदलत गेल्या. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब असे. पेशावरजवळ १८८१मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात तर ऋण दाखवायला आजच्या अधिकसारखी फुली आहे! जर्मनीत योहानेस विडमानने १४८९च्या छापील पुस्तकात + आणि − वापरले ते व्यापाऱ्याच्या मालातली वाढ आणि तूट दाखवायला.

पण ऋण गुणिले ऋण धन का? उत्तर एका जिन्यात आहे.

२ × (−३) = −६
१ × (−३) = −३
० × (−३) = ०

डावीकडचा आकडा एकेकाने उतरतो, तसं उत्तर तीन-तीनने चढतं. पुढची पायरी (−१) × (−३). चढण इथेच मोडायला काही कारण नाही, उत्तर ३.

‘वजा वजा अधिक’सारखाच घोळ ‘कंचेभागुबेव’ या शब्दानेही होतो. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम लक्षात ठेवायचा हा शब्द. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर, म्हणून ८ − ५ + २मध्ये मूल आधी ५ + २ करतं आणि १ लिहितं. खरं उत्तर ५. बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीत बसतात, वाढायचं डावीकडून. शिवाय ती रेघ त्या पाचाची आहे. पुढच्या दोनावर तिचा हक्क नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं करावं. वहीत +५ दिसलं की लाल फुली मारण्याआधी मुलाला वाण्याच्या वहीची आठवण करून द्यावी, आणि शून्यानंतरची ती पायरी त्याला स्वतःच्या पायांनी चढू द्यावी.