ऐकणारी ताई

बालवाडीतील शांत मूल बहुधा ‘गुणी’ ठरते. ते भांडत नाही, प्रश्न विचारत नाही, दिलेल्या जागी बसून राहते. वर्षअखेरीस मात्र ‘बोलण्यात मागे’ असा शेरा त्याच्याच प्रगतिपुस्तकावर उमटतो. वर्षभरात त्याचे बोलणे किती वेळा कोणी ऐकून घेतले, याची नोंद कोठेच नसते.

भाषा पाठांतराने येत नाही. ती देवघेवीने वाढते. मुलाने ‘गाय गेली’ म्हणावे आणि मोठ्या माणसाने ‘हो, काळी गाय पाण्यावर गेली’ असे म्हणून त्याचे भांडवल व्याजासह परत करावे, हाच तो व्यवहार. ‘हा रंग कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. ‘हे कसे झाले असेल?’ या प्रश्नाला मुलाला वाक्य जुळवावे लागते आणि त्यासाठी वेळ लागतो. तेवढा वेळ थांबणे ताईला जड जाते. शांतता असह्य होऊन ती स्वतःच उत्तर देऊन टाकते. थांबणे ही शिकून घेण्याची गोष्ट आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. भावनगरला वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे घडलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत रुजले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, पाने आणि बिया यांनी घेतली. परिचित वस्तू हाती आली की मुलाला बोलण्यासारखे काही असते, आणि त्याच्याकडून ते बोलणे काढून घेणारी बालसेविका तयार करावी लागते, हे या दोघींनी ओळखले होते.

व्यापारी कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. घरात आजी गुजराती, कच्छी किंवा मारवाडी बोलते, दुकानात मराठी चालते आणि बालवर्गात इंग्रजी समोर येते. ‘तरस लागी छे’ असे गुजराती मूल सांगते तेव्हा त्याला तहान लागलेली असते. मराठी कानाला मात्र तरस म्हणजे रानातले जनावर! वर्ग हसला, तर ते मूल पुन्हा पाणी मागणार नाही. पाणी, भूक, दुखणे, शू, आई अशा दहा-बारा शब्दांची घरची रूपे प्रत्येक ताईने वर्षारंभी पालकांकडून लिहून घेतली, तर हे सहज टळते. ‘घरीही इंग्रजीच बोला’ हा सल्ला मात्र आजीलाच मुकी करतो. घरची भाषा भक्कम असेल, तर तिच्या आधाराने दुसरी उभी राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे.

प्रशिक्षित ताईला आणखी एक गोष्ट उमगते. दोन वर्षे उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ या समाधानावर न थांबता ती प्रथम त्याचे कान तपासून घ्यायला सांगते.

दोन दिवसांच्या व्याख्यानाने अशी ताई घडत नाही. सहकारी ताईने तिच्या वर्गात बसावे, कोण किती बोलले हे टिपावे आणि दोघींनी त्यावर शांतपणे चर्चा करावी. असे वर्षभर चालावे. मात्र चाळीस मुलांमागे एकच ताई असेल, तर कोणतेही प्रशिक्षण वाया जाईल.

समाजातील अनेक विश्वस्त संस्था बालमंदिरे चालवितात. देणगीतून इमारत उभी राहते, संगमरवरी पाटी लागते, खेळणी येतात. ताईचे वेतन आणि तिचे शिक्षण यांची बाब मात्र अंदाजपत्रकाच्या तळाशी राहते. पुढच्या बैठकीत विश्वस्तांनी ही बाब वर घ्यावी आणि एक सकाळ वर्गात मागे बसून पाहावे, की तेथे मुले बोलतात की केवळ ऐकतात.