याकोब पुढे झाला

आज पुन्हा बायबलमधल्या उत्पत्तीचे 32 आणि 33 हे अध्याय वाचले. याकोबाच्या यब्बोक नदीकाठच्या रात्रभराच्या झोंबीवर सगळेच बोलतात. माझं मन मात्र त्यानंतरच्या सकाळी अडकतं.

हाताला करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या बापाला फसवणारा, भावाचा आशीर्वाद लाटणारा हा याकोब. मामा लाबानाकडे 20 वर्षं राबला, तिथे स्वतःही फसला. तोच भाऊ एसाव 400 माणसं घेऊन येतोय कळल्यावर त्याने शेळ्यामेंढ्या, उंट, गाई, गाढवं असे कळपामागून कळप भेट म्हणून पुढे धाडले आणि आपण मागे राहिला. धडधाकट असताना मागे राहिलेला हा माणूस, त्या झोंबीत जांघेचा सांधा निखळल्यावर लंगडत बायकामुलांच्याही पुढे झाला. सात वेळा भुईपर्यंत वाकला. एसाव धावत येऊन गळ्यात पडला, दोघे रडले.

तरी लाडकी बायको राहेल आणि तिचा मुलगा योसेफ यांना त्याने सर्वांत मागे ठेवलंच होतं. तो पक्षपात पुढेही सुटला नाही. मला धीर येतो तो यामुळेच. ज्याचं वाईट केलं त्याच्यासमोर उभं राहण्याचं बळ देवाने त्याला आधी दिलं. उरलेल्या खोडी मोडायला अख्खं आयुष्य दिलं.