गाळलेली ओळ

वडिलांचं उंब्रजच्या पेठेत किराणा दुकान होतं. पाच किलो साखरेचा हिशेब ते वहीच्या कडेला एकदाच मांडायचे आणि पुढच्या प्रत्येक यादीत तोच आकडा उचलायचे. भाव बदलला की कडेचा आकडा आधी खोडायचा, हा त्यांचा दंडक.

कराडला इंजिनिअरिंग करताना धनंजय ढमढेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक हाती आलं, तेव्हा कळलं की लिहिलेल्या मजकुराचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलरही हेच करतो. पण प्रोग्रॅमच्या एका वाटेने गणित आधीच झालेलं असेल आणि दुसरीने व्हायचं असेल, तर ते ठेवावं कुठे? मोरेल आणि रेनव्वाज यांनी १९७९ मध्ये त्याची रीत मांडली. ती पुढे नेणाऱ्यांत मुंबई आयआयटीचे ढमढेरे होते. आपल्या माणसाचं नाव तिथे वाचून ऊर भरून आला होता.

आता सुट्टीत भाचा आला की रात्री सायबरपंकचा डाव बसतो. माइक पाँडस्मिथ यांचा १९८८ चा हा खेळ, कागद-पेन्सिल आणि फाशांचा. आमच्या डावातलं शहर म्हणजे पुढच्या शतकातलं उंब्रज. तारळी-कृष्णेच्या संगमावरचे पंप एका कंपनीच्या ताब्यात. भाचा नेटरनर, म्हणजे हॅकर. त्याला सायबरपंक २०७७ या व्हिडिओ गेममधली युक्ती पाठ आहे: ‘१सी ५५ बीडी’ आणि ‘५५ बीडी ई९’ या हॅकिंगच्या संकेतमाला वेगळ्या भरल्या तर सहा खण जातात, एकीच्या शेवटावर दुसरीची सुरुवात चढवली तर चारच.

पण अशी काटकसर कधी अंगावरही येते, म्हणून मला त्याला २००९ ची गोष्ट सांगायची होती. लिनक्सच्या एका ड्रायव्हरमध्ये आधी एका पत्त्यावरून माहिती उचलली होती आणि तो पत्ता रिकामा तर नाही ना, ही तपासणी त्यानंतर होती. जीसीसी कंपायलरने तर्क केला: पत्ता वापरलाय, म्हणजे तो रिकामा नसणारच, मग तपासणी कशाला? ती गाळली. मूळ मजकुरात पहारा दिसत होता, चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्हता. त्या फटीतून अख्ख्या यंत्राचा ताबा घेता येतो, हे करून दाखवलं गेलं. इतक्या सरळ तर्कातून एवढं मोठं भगदाड पडावं, याने मी आजही अस्वस्थ होतो.

म्हणून आमच्या डावात नुसता मूळ मजकूर चोरून भागत नाही. पंपांचा प्रोग्रॅम कोणत्या कंपायलरने बांधला, त्यात काय गाळलं गेलं, हे आधी हुडकायचं, मगच फासा.

“पण मामा, कंपनीने काही न गाळता तो पुन्हा बांधला तर?”

लिनक्सवाल्यांनी तेच केलं होतं: अशा तपासण्या काढू नकोस, असं कंपायलरला बजावलं. तेव्हा कंपनीलाही तशी मुभा दिली. पहारा परत येतो, बदल्यात पंपांची एक चाल वाया जाते.