बॅटरी बदला म्हणे!

गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे निदान आधी होतं आणि तपासणी नंतर. "बॅटरी गेली." झालं! पानठेल्यावर उभा असलेला माणूस हेच सांगतो, पुण्याहून मुलगा फोनवर हेच सांगतो, आणि बॅटरी विकणारा तर सांगणारच, त्याचा धंदाच आहे तो. मी मराठी-इतिहासाचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध स्टाफरूमपुरता. पण पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये एवढं इतिहासही शिकवतो.

आमच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. २००४ साली मी ती जुनीच घेतली. ही गाडी भारतात १९८३च्या डिसेंबरात आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तरी आमच्या पवनी तालुक्यात अजून बऱ्याच दिसतात. आसगावात तिला कुणी हसत नाही. धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर बाजूला व्हायला हीच बरी.

आता मुद्द्याचं. सौ.ला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमारास तिला धाप लागली. पंप ओढून झाला, वाफ घेऊन झाली, उतार पडेना. पवनीला दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी काढायला गेलो, किल्ली फिरवली, तर गाडी नुसती 'टक्' म्हणाली. परत फिरवली, परत 'टक्'. धक्का मारायला त्या वेळी कोण येणार? शेवटी शेजाऱ्यांनी त्यांचा पिकअप काढला आणि आम्ही वेळेत पोचलो. त्या भल्या माणसाचे उपकार आहेतच. पण दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर सौ. म्हणाली, "तुमच्या गाडीत मी आता बसत नाही." 'आपल्या' नव्हे, 'तुमच्या'! बावीस वर्षांच्या आसपास जी आपली होती, ती एका रात्रीत माझी झाली.

मुलाचं म्हणणं, बाबा, नवी बॅटरी टाका, नाहीतर सरळ भंगारात द्या. बॅटरी तर चौदाच महिन्यांची होती. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली होती. त्या रात्री किल्ली फिरवताना हेडलाईट चालूच राहिला होता, आणि 'टक्' झालं तरी दिवा फारसा मंदावला नाही. बॅटरी मेली असेल तर दिव्याने आधी मान टाकायला नको का?

माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. ट्रॅक्टर, पिकअप, धान मळायची मशीन, सगळं. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि शुद्धलेखनाशी त्याचं कधी पटलं नाही. पण त्या दिवशी दोन तास तो शिक्षक होता आणि मी विद्यार्थी. तो आधी काहीच खोलत नाही, फक्त ऐकतो. किल्ली फिरवल्यावर भराभर 'कट-कट-कट' असा आवाज आला तर बॅटरी उतरलेली, किंवा तिच्या टर्मिनलवर तो पांढरा-हिरवा थर चढलेला. एकच 'टक्' आला तर सेल्फमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेत दोष. सेल्फ नुसता घुर्रर्र फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर सेल्फचा दात लागत नाही. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला बोलूच नये, तिथे पेट्रोल किंवा ठिणगी बघावी. एवढं ऐकूनच निम्मी भानगड कळते.

मग त्याने मल्टिमीटर काढला. (तीनेकशे रुपयांत येतो, मंडळी. घरात असू द्या.) रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.० दाखवली तर जवळजवळ रिकामी. आमची १२.२, म्हणजे अर्धी भरलेली. मला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन कण्हत कण्हत फिरलं आणि बॅटरी ११ वर आली. हे काही वाईट नाही, ९.६च्या खाली गेली असती तर तिच्यावर संशय. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडावर धरली. "मारा सर सेल्फ." मीटरवर ३ व्होल्ट! खरं तर इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा, कारण ही दोन टोकं एका जाड वायरने जोडलेली असतात. तीन व्होल्ट त्या वायरमध्येच खर्च होत होते.

"सर, बॅटरीले काईच नाई झालं. वाटच अडली हाये." मग त्याने माझा हात क्लचच्या केबलवर ठेवला. कोमट! इंजिनाची अर्थ वायर नीट नसली की वीज परतायला दुसरी वाट शोधते, आणि क्लच किंवा ॲक्सिलेटरच्या केबलमधून जाते. ही गोष्ट मला फार आवडली. गोसेखुर्दचं पाणी धरणात भरपूर असावं आणि पाटाचं तोंड गाळाने बुजावं, मग पाणी भलत्याच बांधीत शिरावं, तसंच.

बोल्ट काढला तर खाली नुसता गंज. वायरचे निम्मे तार हिरवे होऊन तुटलेले. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही. सव्वीस-सत्तावीस पावसाळे बघितल्यावर माझेही सांधे तसेच झालेत.

पण मला जे ठाऊक नव्हतं ते पुढेच. गाडी चालू केल्यावर त्याने अल्टरनेटरवर मोजलं, १४.३ व्होल्ट. उत्तम. (आमच्याकडे सगळे त्याला अजून 'डायनमो'च म्हणतात.) तेच बॅटरीवर मोजलं तर १३.१. तिथे १३.८ ते १४.४ हवेत. म्हणजे सेल्फला जाताना वीज ज्या वायरीत अडत होती, तिथेच ती बॅटरीत परत येतानाही अडत होती. घेणं आणि देणं एकाच वायरने! म्हणून चौदा महिन्यांची बॅटरी कायम अर्धपोटी. नवी आणली असती तर दोन-चार महिने गाडी झकास चालली असती, मग तीही उपाशी पडली असती, आणि सगळे म्हणाले असते, हल्लीच्या बॅटऱ्याच खराब येतात.

एक गोष्ट तो फार कळकळीने बोलला, म्हणून इथे लिहून ठेवतो. चार्जिंग होतंय का हे बघायला काही मिस्त्री चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढतात. ही रीत जुन्या डायनमोच्या काळातली. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याचे डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतात. कुणी टर्मिनलला पाना लावला तर आधी गाडी बंद करा. आणि किल्ली लावल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, बॅटरीचा लाल दिवा पेटतो का ते बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारी वीज त्याच बल्बमधून जाते. तो बल्ब उडालेला असेल तर चार्जिंगही गडबडतं, आणि आपण खुशीत असतो की दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक.

आता माझ्या विषयाचं थोडं. शिशाची ही बॅटरी फ्रान्सच्या प्लांते यांनी १८५९ साली केली, आणि विजेचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला, तो चार्ल्स केटरिंग यांचा. त्याआधी सगळा हँडलचा कारभार. हँडल मारून सुरू होणाऱ्या ॲम्बॅसेडर मी पाहिल्या आहेत. हँडल हातावर उलटलं की मनगट जायचं. असो.

नवी वायर, घासून स्वच्छ केलेला बोल्ट, टर्मिनल गरम पाण्यात सोडा घालून धुतलेले, वर व्हॅसलीन. खर्च दोनशेच्या आत. मजुरी त्याने घेतली नाही. "काकूले सांगा, आता नाई थांबत," एवढंच म्हणाला.

काकू अशी ऐकणारी नाही. तिने आकडा मागितला. मग महिनाभर रोज सकाळी मी मोजायचो आणि ती कॅलेंडरच्या चौकटीत लिहायची. १२.६, १२.६, १२.५, १२.६. इन्शुरन्सवाल्याने लावला नसता एवढा बारीक डोळा. महिन्याच्या शेवटी काही न बोलता तिने पंपाची आणि कागदांची पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली. ती पिशवी अजून तिथेच असते.

मुलाचा आग्रह सुटलेला नाही. फेरनोंदणी २०२३ साली झाली, तेव्हा ५ हजार भरले. आता २०२८ साली. २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी १० हजार झाली आहे. तो म्हणतो, बाबा, गाडीची किंमत तरी तेवढी येईल का? यावर माझ्याआधी सौ.नेच फोन घेतला आणि त्याला सांगितलं, "अठ्ठावीसचं अठ्ठावीसला बघू. तू दिवाळीला येशील तेव्हा येताना ते बॅटरीचं पाणी आण, दोन बाटल्या."