खानदेशातील संग्रहालये : दोन दिवसांची सहल

बाहेरगावचे आप्त सुटीत आले की आपल्या फैजपूर-सावदा परिसरातील कुटुंबे त्यांना पालचे जंगल दाखवितात, मनुदेवीचा धबधबा दाखवितात. संग्रहालयाचे नाव सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक तापी ओलांडून दोन दिवस काढले, तर पाहण्याजोगे पुष्कळ आहे.

पहिला दिवस जळगावसाठी ठेवावा. जैन हिल्सवरील ‘गांधी तीर्थ’ २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले. हे उभारणारे भवरलालजी जैन वाकोदचे. १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलची विक्री आरंभिलेल्या या गृहस्थाने उतारवयात गांधीजींच्या कागदपत्रांचा असा संग्रह उभा केला, ही गोष्ट आपल्या व्यापारी घरांतील मुलांना तेथेच, त्या दगडी इमारतीसमोर उभे करून सांगावी. आतील ‘खोज गांधीजी की’ हे दालन चित्रे, ध्वनी आणि पडद्यांच्या साह्याने उलगडत जाते. घाई करू नये. अर्धा दिवस सहज जातो.

उरलेला अर्धा दिवस जुन्या जळगावातील चौधरी वाड्याला द्यावा. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांचे हे सासरघर आता स्मृतिसंग्रहालय झाले आहे. घरातील व शेतातील नित्याच्या वापराच्या वस्तू येथे जपल्या आहेत. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीची गाणी सोपानदेवांनी टिपून ठेवली व आचार्य अत्र्यांनी १९५२ साली ती जगापुढे आणली. मला स्वतःला गांधी तीर्थाच्या भव्यतेपेक्षा या वाड्याने अधिक वेळ थांबविले. तसल्या वस्तू आपल्याही आजीच्या घरी होत्या. त्या कोठे गेल्या, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा मागे टाकीत धुळे गाठावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. तेथे शिल्पे, नाणी, हस्तलिखिते पाहावयास मिळतात. सजावट साधी आहे; गांधी तीर्थ पाहून आलेल्या मुलांना ती फिकी वाटेल. पण राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरे मिनतवारीने मिळवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत सिद्ध केली, हे ठाऊक असले की प्रत्येक कागदाचे मोल निराळे दिसू लागते. शंकरराव देव यांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे. रामदासी परंपरेची हस्तलिखिते तेथे आहेत. ज्ञानपंचमीला ग्रंथांची पूजा करणाऱ्या आपल्या समाजाला या घराचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता आपल्या फैजपूरविषयी. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी येथे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी अपार श्रम घेतले. नंदलाल बोस यांनी बांबू आदी स्थानिक साहित्यातून नगर सजविले. त्यांची हरिपुऱ्याची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधीचे फैजपूर फारसे कोणाच्या स्मरणात नाही. अधिवेशनासाठी या भागातील पेढ्यांनी धान्य, कापड वा रोकड दिली असेल, तर त्याची नोंद कोठे सापडणार? कोणाच्या तरी रोजकीर्दीतच.

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे मला हुंडी आणि खतावणी यांचे आकर्षण अंमळ जास्त आहे, हे खरे. तरीही लाल कापडात बांधलेल्या महाजनी लिपीतील वह्या दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याच्या काट्यावर चढताना पाहिल्या की जीव कळवळतो. त्यांत त्या काळचे कापसाचे भाव, व्याजाचे दर, दूरच्या आडतींचे व्यवहार आहेत. ही लिपी वाचणारे वृद्ध आपल्या समाजात आता बोटांवर मोजण्याइतके उरले. ते आहेत तोवर त्यांच्याकडून निदान पहिली पाने तरी वाचवून घ्यावीत. वहीवर पेढीचे नाव व संवत लिहून ती सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. आणि धुळ्याला जाल तेव्हा त्यांतील एखादी बरोबर न्यावी व मंडळातील जाणत्या माणसास दाखवावी.