तीन ग्रॅम तेल

सेवानिवृत्त झाल्यावर मनुष्याने वेळ कसा घालवावा, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी बागकाम सुचवितो, कोणी तीर्थयात्रा. माझे सारे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. म्हणून निरनिराळ्या देशांतील मुले परकी भाषा कशी शिकतात, हे पाहण्याचा छंद मी स्वतःला लावून घेतला. माझा एक जुना विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी काही वर्षे चीनमध्ये होता. परत येताना त्याने माझ्यासाठी आठवणीने एक भेट आणली. ती भेट म्हणजे तेथील शाळकरी मुलांनी वापरलेल्या, इंग्रजीच्या सरावाच्या चार जुन्या पुस्तिका! शब्दसंग्रह, व्याकरण आणि उताऱ्याचे आकलन असे त्यांचे तीन भाग होते. चिनी मजकुराचा अर्थ त्याने मला शेजारी बसून सांगितला, आणि कित्येक संध्याकाळी आम्हां दोघांच्या मोठ्या आनंदात गेल्या.

एका पुस्तिकेच्या समासात कोणा मुलाने पेन्सिलीने बारीक टिपणे केली होती. ‘थँक यू’ या शब्दांपुढे तीन चिनी अक्षरे होती. त्यांचा उच्चार साधारणपणे ‘सान ख यौ’ असा होतो. अर्थ मात्र होतो ‘तीन ग्रॅम तेल’! आभार मानता मानता हे तेल कोठून सांडले, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे कारण चिनी लिपीत आहे. आपले ‘क’ हे अक्षर केवळ एक ध्वनी दाखविते. त्याला स्वतःचा अर्थ नाही. चिनी अक्षर बहुधा ध्वनी आणि अर्थ दोन्ही घेऊन येते. त्यामुळे परका उच्चार टिपून ठेवावा, तर नको असलेला अर्थही पाहुण्यासारखा मागोमाग आत येतो. चीनमधील मुलांना ही गंमत चांगली ठाऊक असते. उच्चार बिघडतो म्हणून शिक्षक असे लिहू नका म्हणतात, आणि तरीही मुले लिहितात. आपल्याकडची मुले इंग्रजी ओळींच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात, ते याहून काय वेगळे आहे? नव्या भाषेच्या नदीत उतरताना प्रत्येक मूल आपल्या मातृभाषेचा भोपळा कमरेला बांधूनच उतरते.

शब्दसंग्रहाच्या भागात मला आणखी एक आप्त भेटला. आगगाडीला चिनी भाषेत ‘हुओ छ’ म्हणतात. ‘हुओ’ म्हणजे आग आणि ‘छ’ म्हणजे गाडी. आपल्या पूर्वजांनी धूर ओकणारे ते वाहन पाहून जो शब्द घडविला, तोच शब्द दूर चीनमधील लोकांनीही घडविला. चिनी भाषेचे पुष्कळसे शब्द असे उघड मनाचे आहेत. संगणक म्हणजे ‘विजेचा मेंदू’ आणि चित्रपट म्हणजे ‘विजेची सावली’. महिन्यांना वेगळी नावे नाहीत. पहिला महिना, दुसरा महिना असे बारा महिने ओळीने मोजावयाचे. अशा भाषेत वाढलेल्या मुलापुढे ‘ट्रेन’, ‘जॅन्युअरी’, ‘फेब्रुअरी’ असे शब्द येतात, तेव्हा त्यांच्या आत डोकावून पाहण्यास त्याला खिडकीच सापडत नाही. मग उरते ते पाठांतर. शब्दांच्या पुष्कळशा याद्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात, आणि त्यांच्या आरंभीच ‘ॲबॅन्डन’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ ‘सोडून देणे’. विद्यार्थी मोठ्या निश्चयाने पुस्तक उघडतो, पहिला शब्द शिकतो, आणि त्याची आज्ञा लगेच पाळतो, असा विनोद चिनी विद्यार्थी स्वतःवरच करतात!

परंतु शब्द केवळ घोकून येत नाहीत. ते शेजाऱ्यांसह ओळखावे लागतात. एका प्रश्नात ‘लुक फॉर’ आणि ‘फाइन्ड’ यांतील भेद विचारला होता. चिनी भाषेत शोधण्याला एक शब्द आहे, आणि त्यालाच ‘पोहोचणे’ या अर्थाचा शब्द जोडला म्हणजे ‘सापडणे’ असा अर्थ होतो. शोध घेत घेत वस्तूपर्यंत पोहोचलो, म्हणजे ती सापडली. किती सुंदर कल्पना! आपणही शोधणे आणि सापडणे, पाहणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे असा भेद करतो. ‘लिसन’ आणि ‘हिअर’ यांतील फरक पाठ करावयास सांगितला, तर तो चार दिवसांत पुसला जाईल. उलट, “मी कान देऊन ऐकत होतो, पण मला काही ऐकू आले नाही,” हे वाक्य मुलाने एकदा मनाशी म्हटले, की तो फरक जन्मभर विसरणार नाही. चिनी मुलालाही आपल्या भाषेतून अशीच वाट सापडते.

नात्यांच्या शब्दांजवळ मात्र दोघेही सारखेच अडतात. चिनी भाषेत वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा भाऊ वेगळा आणि आईचा भाऊ त्याहून वेगळा. उताऱ्यात ‘अंकल’ असा शब्द आला, की काका समजावा की मामा, असा प्रश्न आपल्याला पडतो; चिनी मुलाला तर काकांतही थोरला की धाकटा हे कळावयास हवे असते. आकड्यांचेही तसेच आहे. आपण लाख आणि कोटी अशी गणती करतो. चिनी लोक दहा हजारांना ‘वान’ म्हणतात आणि पुढची मोजदाद त्यावरून करतात. इंग्रजीतला ‘मिलियन’ आपल्यासाठी दहा लाख, तर त्यांच्यासाठी शंभर वान. म्हणून आकड्यांचा उतारा वाचताना दोन्हींकडच्या मुलांना क्षणभर थांबून मनात हिशेब करावा लागतो.

आता व्याकरणाकडे वळू. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. काल मी जाणे, आज मी जाणे, उद्या मी जाणे, असे म्हटल्यासारखेच ते असते. काळाची खूण इतर शब्द सांगतात. त्यामुळे ‘गो’चे ‘वेन्ट’ का व्हावे, हे चिनी मुलाला कोडेच वाटते. जातो, गेलो, जाईन अशी रूपे लहानपणापासून बोलणाऱ्या तुम्हांला ते तितके कठीण वाटणार नाही. तो, ती, ते या तिन्हींसाठी चिनी बोलण्यात एकच उच्चार आहे : ‘था’. लिहिताना त्यांची अक्षरे वेगळी असतात. पण बोलताना भेद नाही. म्हणून इंग्रजी उत्तम जाणणारा चिनी मनुष्यही बोलण्याच्या ओघात आपल्या आईला ‘ही’ म्हणून जातो. दुसऱ्या बाजूने पाहा. ‘मी वाचतो पुस्तक’ हा इंग्रजी वाक्याचा क्रम आपल्याला उलटा वाटतो. चिनी भाषेत कर्ता, क्रियापद आणि कर्म यांचा तोच क्रम असल्यामुळे चिनी मुलाला तो घरचाच वाटतो. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही तीन छोटी उपपदे मात्र ना त्यांच्या घरी आहेत, ना आपल्या. म्हणून दोघांनाही ती सारखीच छळतात. कोणाला काय अवघड जाईल, हे बुद्धीपेक्षा त्याच्या मातृभाषेवर अधिक अवलंबून असते.

त्या पुस्तिकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. आपण ‘जरी’ म्हटले, की पुढे ‘तरी’ म्हणतो. चिनी भाषेतही अशीच जोडी आहे. इंग्रजीत मात्र ‘ऑल्दो’ आले, की पुढे ‘बट्’ येत नाही. एकाच शब्दावर काम भागते. चिनी मुले सवयीने दोन्ही शब्द लिहितात, आणि शिक्षक दुसऱ्या शब्दावर तांबडी रेघ ओढतात. ती रेघ पाहताच मला माझ्या शाळकरी दिवसांतील एक मुलगा आठवला. डोंगरापलीकडच्या एका वाडीतून तो रोज पायी शाळेत येई. एके दिवशी मुसळधार पाऊस होता. वर्ग अर्धा रिकामा होता. शिक्षकांनी इंग्रजीत एखादे वाक्य बोलावयास सांगितले. कधी हात वर न करणारा तो मुलगा उठला. त्याचे कपडे निथळत होते. तो म्हणाला, “ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट् आय केम.” शिक्षक हसले, आणि वर्गही हसला. ते ‘बट्’ फळ्यावर लिहून खोडले गेले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तो मुलगा इंग्रजीच्या तासाला एक शब्दही बोलला नाही.

त्या वाक्यात एका शब्दाची चूक होती, हे खरे. परंतु ते वाक्य त्याने कोठून पाठ केलेले नव्हते. ते त्याने स्वतः घडविले होते, आणि ते अक्षरशः सत्य होते. पाऊस पडत होता, तरी तो आला होता! त्या दिवशी व्याकरण तपासले गेले, पण वाक्याचा अर्थ कोणी वाचला नाही.

असे गप्प झालेले विद्यार्थी चीनमध्येही पुष्कळ. तेथे त्यासाठी एक शब्दच रूढ आहे : ‘मुकी इंग्रजी’. लेखी परीक्षेत उत्तम गुण आणि बोलण्याची वेळ आली की तोंडाला कुलूप, असा त्याचा अर्थ. याचे कारण कळण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. १८५८ साली तियानजिन येथे झालेल्या तहात ब्रिटनने एक अट घातली. तहाच्या अर्थाविषयी मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूरच खरा धरावा, अशी ती अट होती. दुसऱ्याच्या भाषेत लिहिलेल्या कागदाने आपण बांधले जातो, तेव्हा ती भाषा न येणे किती महागात पडते, हे चीनच्या राज्यकर्त्यांना कळून चुकले. १८६२ साली बीजिंग येथे परकी भाषा शिकविणारी सरकारी शाळा निघाली. पुढे अनेक स्थित्यंतरे झाली. १९५० नंतर काही वर्षे रशियन भाषेला प्राधान्य मिळाले. १९६६ साली सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षाच बंद पडल्या. त्या १९७७ साली पुन्हा सुरू झाल्या. २००१ साली शासनाने प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण जाहीर केले. ‘गाओकाओ’ नावाच्या त्या प्रवेशपरीक्षेत बहुतेक प्रांतांत एकूण ७५० गुणांपैकी १५० गुण परकी भाषेला असतात, आणि बहुतेक मुले इंग्रजीच घेतात. जेथे एकेका गुणावर भवितव्य ठरते, तेथे चुकण्याचे भय वाढणारच. आणि चुकण्याचे भय वाढले, की जीभ अडखळते.

पण माणसे मोठी हिकमती! १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शांघायच्या जनता उद्यानात लोक सुटीच्या दिवशी जमून एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागले. विद्यार्थी, कामगार, वृद्ध, कोणीही यावे आणि बोलावे. अशा जागांना ‘इंग्रजीचा कोपरा’ असे नाव पडले, आणि गावोगावी असे कोपरे निघाले. तेथे तांबडी रेघ नव्हती, गुण नव्हते. समोरच्याला आपले म्हणणे कळले, की परीक्षा उत्तीर्ण!

म्हणूनच त्या पुस्तिकांतील आकलनाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. एका उताऱ्यात एका म्हाताऱ्या दुकानदाराची गोष्ट होती. अंधार पडल्यावर त्याच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक येत नसे. तरीही तो रोज रात्री दाराबाहेर दिवा लावून ठेवी. त्याच गल्लीतून शाळेची मुले उशिरा घरी जात, एवढे एक वाक्य उताऱ्यात सहज आले होते. प्रश्न होता : दुकानदार दिवा का लावतो? उताऱ्यातील एकूण एक शब्द मुलांना येत होता. उत्तर मात्र त्यांपैकी कोणत्याही एका शब्दात नव्हते. ते दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होते. पुस्तिकेच्या धन्याने प्रथम ‘माल विकण्यासाठी’ या पर्यायावर खूण केली होती. नंतर ती खोडून त्याने योग्य उत्तरावर खूण केली, आणि शेजारी एक छोटासा दिवा काढला. तो दिवा पाहून मला फार समाधान वाटले. त्या क्षणी त्या मुलाला इंग्रजी भाषा नव्हे, तर एक माणूस समजला होता.

लांब वाक्यांपुढे तो गोंधळत असे, हेही दिसत होते. ‘काल आलेला विद्यार्थी’ असे आपण म्हणतो. चिनी भाषेतही शब्दांचा क्रम हुबेहूब हाच. इंग्रजीत मात्र आधी विद्यार्थी येतो, आणि तो कोणता, ते मागाहून कळते. पुस्तिकेच्या धन्याने प्रत्येक लांब वाक्यातील मुख्य नामाभोवती वर्तुळ काढले होते, आणि त्याची माहिती सांगणारे शब्द कंसात घातले होते. ही युक्ती तुम्हीही करून पाहा. वाक्य कितीही लांबलचक असो, त्यातील माणूस कोण आणि त्याने काय केले, हे आधी शोधावे. बाकीचे शब्द मग आपोआप आपापल्या जागी बसतात.

विद्यार्थिमित्रांनो, चीनमधील घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. तुम्ही पहाटे साडेपाचला डोळे चोळत उठता, तेव्हा तेथे आठ वाजलेले असतात. तुमच्याच वयाची असंख्य मुले तोवर शाळेत पोहोचून मोठ्याने इंग्रजी धडे वाचत असतात. कोणी ‘थ’च्या जागी ‘स’ म्हणत असेल, कोणी आजीला ‘ही’ म्हणत असेल, कोणी ‘ऑल्दो’नंतर ‘बट्’ म्हणत असेल. तुमच्या वर्गातही उद्या कोणी असाच चुकेल. त्याची चूक अवश्य सुधारा, पण ती पुढच्या क्षणी. आधी तो काय सांगतो आहे, ते ऐका.