म्हातारा संगणक आणि नवे खेळ

सध्या आमच्या घरी एका म्हाताऱ्याच्या प्रकृतीची चर्चा चालू आहे. म्हातारा म्हणजे मी नव्हे हो, आमचा संगणक! पालघर जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. माझे मराठी टंकलेखन आणि परदेशातल्या भाचीशी गप्पा, एवढ्याला तो आजही पुरतो. पण नातवाला पुरत नाही.

नातू बोईसरला राहतो, वय वर्षे पंधरा. शनिवारी शाळा सुटली की लोकलने पालघरला येतो, मध्ये फक्त उमरोळी. आजोबांसाठी येतो असे आम्ही सगळ्यांना सांगतो. तो संगणकासाठी येतो हे मला ठाऊक आहे आणि त्याचे मला काही वाईट वाटत नाही. मुलांना आजोळी-आजोबांकडे ओढायला काहीतरी लागतेच. आमच्या वेळी चिंचेचे झाड होते.

आता या झाडाला चिंचा येईनात. २०१५ साली संगणकावर आलेल्या 'जीटीए फाइव्ह'ला किमान चार जीबी रॅम पुरत होती. २०२२ च्या 'एल्डन रिंग'ला किमान बारा लागते. २०२३ च्या 'बॉल्डर्स गेट थ्री'ला तर दीडशे जीबी जागा हवी. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या 'इंडियाना जोन्स'च्या खेळाची आणखीच तऱ्हा. प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे विशिष्ट ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो सुरूच होत नाही. मुलाने शाळेत नाव घालायला यावे आणि दारावरच्या शिपायाने परत पाठवावे, तसे.

असो. आमचा डॉक्टर म्हणजे बोईसरचा एक दुकानदार, माझा जुना विद्यार्थी. त्याने डबा उघडला आणि म्हणाला, "सर, आधी हा स्वच्छ करू." पंख्यावर धुळीची गोधडी जमली होती. त्यात आपली ही समुद्राकाठची दमट हवा. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, हे मला त्या दिवशी कळले. धूळ काढली, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलली, आणि म्हातारा दोन वर्षांनी तरुण झाला. खर्च जवळपास शून्य. संगणक बदलण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी हा उपाय जरूर करून पाहावा.

मग त्याने मला खेळाचे गणित समजावले. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून अधिक. खेळ सुरळीत वाटायला ते सेकंदाला साठ वेळा रंगवायचे. सिनेमाला चोवीस चित्रे पुरतात, पण तिथे आपण फक्त बघत असतो. ठिपके १२८० गुणिले ७२० केले की सव्वानऊ लाख होतात, काम निम्म्याहून कमी. चित्र जरा धूसर दिसते, पण खेळ पळतो. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तर फरकही कळला नाही. नातवाला कळला!

आता प्रश्न सुट्या भागांचा. एसएसडी घातली की खेळ उघडायचा वेळ घटतो, पण खेळताना चित्रे फार वाढत नाहीत. रॅम वाढवली की अडखळणे कमी होते. चित्रांचा खरा वेग ग्राफिक्स कार्डाचा. 'जीटीएक्स १६५०' या २०१९ च्या कार्डाचा एक प्रकार मदरबोर्डातूनच वीज घेतो, वेगळी जोडणी लागत नाही. आमच्या दुबळ्या पॉवर सप्लायला तोच झेपेल. पण फार भारी कार्डही उपयोगाचे नाही. प्रोसेसर म्हणजे फळ्यावर गणिते लिहिणारा मास्तर आणि कार्ड म्हणजे ती सोडवणारा वर्ग. मास्तरच सावकाश लिहीत असेल तर हुशार वर्ग नुसता बसून राहणार.

सगळे मिळून चौदा हजारांच्या घरात जाते, तेही कार्ड आणि रॅम जुन्या घेतल्या तर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! एवढे करून चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही तो नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून पेन्शनचे व्यवहार मी त्या यंत्रावरून काढून घेतले आहेत. नवा घ्यावा तर २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले, आणि झळ लॅमिंग्टन रोडपासून बोईसरपर्यंत पोचली.

या सगळ्यात मला आपले तारापूर आठवत राहते. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या, प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. पुढे वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेतल्या नळ्यांनी त्रास दिला आणि ऐंशीच्या दशकात त्यांची क्षमता १६० वर आणली. नातवाच्या भाषेत सांगायचे तर सेटिंग 'लो' केले. त्या सेटिंगवर त्यांनी पुढे कित्येक वर्षे वीज दिली. २००५ आणि २००६ साली शेजारी ५४० मेगावॉटचे दोन नवे संच उभे राहिले, तरी जुन्यांना कोणी भंगारात काढले नाही. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी त्या थांबवल्या. जुन्या यंत्राकडून किती मागायचे हे ठरवता आले, तर ते पुष्कळ देते.

इथवर सगळा हिशेब झाला. पण चिरंजीव परवा म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला खर्चात पडता? त्याला मीच गेमिंग लॅपटॉप घेऊन देतो, हप्त्यांवर." मुलाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मी मान डोलावली. रात्री मात्र झोप लागेना. लॅपटॉप बोईसरच्या घरी आला की शनिवारची लोकल कोण पकडणार?

त्यात नातवाने एक खेळ दाखवला होता, 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली काढलेला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि तिची गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. मधले प्रसंग चक्क छायाबाहुल्यांचे! आमच्या यंत्रावर ती मुलगी दर दोन पावलांनी थबकत होती. तरी आम्ही दोघे तास-दीड तास बघत होतो. तो खेळत होता, मी त्याला महिषासुराची गोष्ट सांगत होतो. इतका वेळ सलग तो माझ्याशी कधी बोलला होता, आठवत नाही.

तेव्हा मी ठरवले आहे. कार्ड आणि रॅम घ्यायची, मदरबोर्डाला हात लावायचा नाही, दहा हजारांच्या वर एक पैसा नाही. एसएसडी नंतर बघू. चिरंजीवांना सांगितले, लॅपटॉप दहावीनंतर. ते हसले. त्यांना कारण कळले असावे, पण बोलले नाहीत. दहावीला अजून एक वर्ष आहे. म्हणजे सुट्ट्या वगळून चाळीसेक शनिवार. चौदा हजारांच्या हिशेबात हे कुठेच धरलेले नव्हते.